पिस्तूल मागे कमरेला लावायचं का? आणि लावायचंच असेल तर काय काय सांभाळायचं

पिक्चरमधला हिरो शर्टाचं मागचं टोक उचलतो, जीन्समध्ये नुसतंच खोचलेलं पिस्तूल काढतो, दोन डायलॉग मारतो आणि परत तिथंच खोचून बाईकवरून निघून जातो. ते बघून बऱ्याच जणांचं ठाम मत झालेलं असतं की पिस्तूल ठेवायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे पाठीमागे, मणक्याच्या खालचा तो खळगा. अमेरिकेत, खास करून टेक्सासमध्ये, आपल्यातले बरेच जण आता पिस्तूल घेतात आणि शूटिंग रेंजवर दोनचार वेळा जाऊन आले की पुढचा प्रश्न हाच असतो, मागे लावू का, समोरून काहीच दिसत नाही ना. माझं मत आधीच सांगून टाकतो: ती जागा लपवायला बरी आहे आणि बाकी जवळपास सगळ्याला वाईट आहे. का वाईट, स्वतः घरी कसं तपासायचं, आणि तरीही मागेच लावायचं असेल तर काय करायचं ते खाली सांगतो.

आधी जागांची भाषा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. शूटिंगवाले कमरेला घड्याळ मानतात. बेंबी म्हणजे १२, उजवा कुल्ला ३, पाठीचा कणा ६, डावा कुल्ला ९. उजव्या हाताचा माणूस साधारण ३ किंवा ४ ला लावतो, पोटाच्या पुढे उजवीकडे १ ला लावतात त्याला अपेंडिक्स म्हणतात, आणि आपण ज्याबद्दल बोलतोय ते ६. होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान; पँटच्या आत बसणारं होल्स्टर म्हणजे आयडब्ल्यूबी, बाहेर बेल्टवर बसणारं ओडब्ल्यूबी, एवढं पुरे.

कायद्याचं थोडक्यात, पण हे सोडून पुढे जाऊ नका. अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच साधारणपणे बंदी आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, आणि तुमच्या राज्यात नियम किती सैल आहेत याने यात फरक पडत नाही. आधी वकिलाला विचारा, मित्राला नको. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर राज्याचे नियम बघा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, इतर कुठली कायदेशीर बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही हँडगन बाळगता येते, पण म्हणून कुठेही नेता येते असं नाही, दारावर ३०.०६, ३०.०५ च्या, म्हणजे बंदूक आत आणू नका सांगणाऱ्या पाट्या असतात, बारमध्ये त्याच अर्थाची लाल ५१ टक्क्यांची पाटी असते, आणि शाळा तर नाहीच. आपल्या मंडळाचे गणपती, नाटकं, मराठी शाळा हे सगळं बहुतेक वेळा कुठल्या तरी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये असतं हे लक्षात ठेवा, झब्ब्याखाली पिस्तूल लावून तिथं जाणं हा सरळ गुन्हा होऊ शकतो.

भारतात परवाना असलेल्यांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा बॅगेसारख्या कशात तरी पाहिजे, पूर्ण झाकलेली पाहिजे, आणि तिच्यावर तुमचा प्रत्यक्ष ताबा पाहिजे. म्हणजे नुसतं पँटमध्ये खोचलं की पहिलीच अट मोडली. मागे लावलं की दुसरी अट उभं राहिल्यावर मस्त पाळली जाते आणि तिसरीची बोंब होते. या लेखात मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्या तिसऱ्या अटीबद्दलच आहे असं समजा.

आता मूळ मुद्दा.

मागे लावलेलं पिस्तूल तुम्हाला दिसत नाही आणि हाताला पटकन लागतही नाही. ३ वाजता लावलेल्या पिस्तुलावर चालता चालता कोपर टेकवता येतं, गर्दीत कुणी घासून गेलं की लगेच कळतं. ६ ला तसं काही नाही. मागून कुणी शर्ट उचलला तर त्याचा हात तुमच्या आधी तिथं पोचतो, आणि त्याच्यासाठी ते अगदी सरळ समोर असतं, मूठ वर, नळी खाली. विसर्जनाची गर्दी, लोकलचा डबा, मॉलमधली रांग, सगळीकडे लोक तुमच्या मागेच उभे असतात. आणि घरात पोरं असतील तर बघा, चारपाच वर्षांचं पोर मागून येऊन मिठी मारतं तेव्हा त्याचे हात बरोबर तिथंच पडतात.

दुसरं, काढताना नळी कुठून कुठे जाते ते. हात मागे नेला की मनगट उलटं वळतं, कोपर बाहेर जातं, खांद्याला ताण येतो, आणि पिस्तूल बाहेर काढून पुढे आणेपर्यंत नळी तुमच्याच कुल्ल्यावरून, कमरेवरून आणि शेजारी जो कोण उभा असेल त्याच्यावरून फिरून येते. शेजारी कोण असणार, बायको नाहीतर मुलगा. जेफ कूपर या अमेरिकन शूटिंग प्रशिक्षकाने सांगितलेले चार नियम जगभर शिकवतात, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे उडवायचं नाही त्यावर नळी नेऊ नका, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर नको, आणि समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. मागून काढताना यातला दुसरा नियम दर वेळी मोडतो, चुकून नाही, त्या जागेची रचनाच तशी आहे म्हणून. आयडीपीए या पिस्तूल नेमबाजीच्या संघटनेच्या मॅचमध्ये पाठीमागच्या होल्स्टरला परवानगी नाही, आणि बरेच इन्स्ट्रक्टर क्लासमध्येही ते चालू देत नाहीत, कारण मागे उभ्या लोकांवर नळी फिरणार हे त्यांना माहीत असतं.

तिसरं, परत आत ठेवणं. मला विचाराल तर सगळ्यात धोक्याचं हे आहे आणि लोक याबद्दल बोलतच नाहीत. काढणं कदाचित आयुष्यात कधीच होणार नाही, पण ठेवणं रोज होतं. पुढे किंवा कुल्ल्यावर असेल तर मान खाली घालून बघता येतं की होल्स्टरच्या तोंडात शर्ट अडकलाय का. मागे तुम्ही आंधळेपणाने ढकलता, आणि शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी, त्या दोरीच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बटण, यातलं काहीही ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कडीत) शिरलं आणि तुम्ही वरून दाबलं तर गोळी सुटते. आणि नळी कुठं असते तेव्हा, तुमच्याच ढुंगणाकडे.

चौथं, पडणं. बेल्ट जिथं बसतो तिथं साधारण एल-४, एल-५ हे कमरेतले शेवटचे दोन मणके आणि त्याखाली माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी हाड येतं. त्यावर लोखंडाचा गोळा ठेवून बर्फावर, ओल्या फरशीवर किंवा बाईकवरून उताणं पडलात तर सगळा मार एका जागी येतो. भरलेलं ग्लॉक १९ साधारण ८५० ग्रॅमचं असतं, छोटं पाच गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन ६४२ सुद्धा रिकामं ४०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक पडण्यात मणका मोडतो असं मी म्हणत नाही, पण पडायचं झालंच तर तिथं काही नसलेलं बरं. त्यात उताणं पडल्यावर तुमचं सगळं वजन त्या पिस्तुलावर, म्हणजे ज्या वेळी खरंच लागेल त्याच वेळी ते अंगाखाली अडकलेलं.

गाडीत तर विचारूच नका. सीटबेल्ट लावून बसलात की मूठ पाठीत टोचते, अर्ध्या तासाने माणूस वाकडा बसायला लागतो, मग पिस्तूल काढून कप होल्डरच्या शेजारी किंवा कन्सोलमध्ये टाकतो, मग दुकानात जाताना परत लावतो किंवा गाडीतच विसरतो. प्रत्येक वेळी काढ-घाल म्हणजे एक जास्तीची संधी, आणि गाडीतून चोरीला गेलं तर पुढचा ताप वेगळाच. भारतात टू-व्हीलरवाल्यांचं आणखी वेगळं, हँडलकडे वाकलं की शर्ट वाऱ्याने वर उडतो आणि मागे बसलेल्याचं पोट थेट त्या पिस्तुलाला टेकलेलं असतं.

आणि लपतं म्हणून लावायचं म्हणता ना, तर ते फक्त ताठ उभं असेपर्यंत लपतं. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की मोठ्यांना वाकून नमस्कार आलाच. वाकलात की शर्ट मागून वर जातो किंवा ताणला जाऊन पिस्तुलाचा अख्खा आकार उमटतो, आणि तुमचं तोंड खाली असल्यामुळे कुणी बघितलं हे तुम्हाला कळतही नाही. आजोबांच्या पाया पडताना मागे उभ्या सगळ्या पाहुण्यांना दर्शन.

जे खरोखर घडलंय त्यातलं थोडं सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉल खेळाडू प्लॅक्सिको बरेस एका नाइटक्लबमध्ये होल्स्टर नसताना स्वेटपँटच्या कमरेत ग्लॉक खोचून गेला, ते निसटलं, गोळी त्याच्याच मांडीत, आणि न्यूयॉर्कचं लायसन्स नव्हतं म्हणून पुढे दोन वर्षांची शिक्षा. जून २०१८ मध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये ड्युटीवर नसलेल्या एफबीआय एजंटने नाचताना बॅकफ्लिप मारली, कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल जमिनीवर पडलं, त्याने झटकन उचललं आणि उचलतानाच गोळी सुटून एका गिऱ्हाइकाच्या पायात गेली. ट्रेनिंग घेतलेला माणूस, होल्स्टरही होतं. आणि १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे आपल्या मुंबईत जुहूला गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, कपाटात ठेवताना हातातून पडलं असं त्याच्या मॅनेजरने तेव्हा सांगितलं होतं. तिन्ही ठिकाणी भांडण नाही, चोर नाही, हल्ला नाही.

डेन्व्हरच्या प्रकारातून एक नियम पाठ करा: पडणारं पिस्तूल पकडायचं नाही आणि पडलेलं झडप घालून उचलायचं नाही. आधुनिक पिस्तूल चांगल्या स्थितीत असेल तर पडून सहसा उडत नाही, पण घाईत घातलेलं बोट बरोबर ट्रिगरवर जातं. पडू द्या, थांबा, मूठ धरून सावकाश उचला. जुन्या रिव्हॉल्व्हरचं मात्र वेगळं आहे, त्यात ट्रान्सफर बार किंवा हॅमर ब्लॉक हा सुरक्षेचा भाग नसेल तर हॅमरवर (मागच्या घोड्यावर) पडून गोळी सुटू शकते, म्हणून तशा रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरच्या समोरचं घर रिकामं ठेवतात. वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेलं असेल तर आधी चांगल्या गनस्मिथला दाखवा.

घरी तपासायचं कसं

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. पिस्तूल रिकामं करा, म्हणजे आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्या खोलीचं दार लावा. निळ्या प्लॅस्टिकची डमी गन मिळाली तर सगळ्यात उत्तम.

पहिल्यांदा होल्स्टर अंगावर न लावता रिकामं पिस्तूल त्यात घाला, गादीवर उलटं धरा आणि जोरात झटका. पडलं तर ते होल्स्टर कचऱ्यात. मग लावा आणि एक अख्खी संध्याकाळ तसेच वावरा: सोफ्यावर बसा, जमिनीवर मांडी घालून बसा आणि उठा, बुटाची लेस बांधा, किराणा उचला, वाकून नमस्कार करा, आणि घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा, आरशात स्वतःला बघून काही कळत नाही. त्यानंतर मोबाइल बाजूला उभा करून व्हिडिओ लावा आणि सावकाश काढून बघा, वेगात नको, आणि व्हिडिओत फक्त नळी बघा, ती कुठून कुठे फिरते. मग डाव्या हाताने. मग पलंगावर उताणं पडून. मग खुर्चीत पाठ टेकून बसून. हे सगळं करून झाल्यावर बहुतेक लोक मागे लावायचा विचार स्वतःच सोडतात, मला सांगायची गरज पडत नाही.

तरीही मागेच लावायचं असेल तर

काही जणांना खांद्याचा किंवा पोटाचा त्रास असतो, काहींचं काम दिवसभर उभं राहायचं असतं, त्यांना मागेच बरं वाटतं, ठीक आहे. मग निदान एवढं करा. बरोबर कण्यावर न लावता थोडं उजवीकडे, ५ च्या जवळ आणा, मणका तरी सुटेल. होल्स्टर कायडेक्सचं (एक कडक प्लॅस्टिक) किंवा तोंड कडक असलेल्या जाड चामड्याचं घ्या, ज्यात ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला जातो आणि पिस्तूल काढल्यावर तोंड मिटत नाही. बाजारातलं ढिलं नायलॉनचं, सगळ्या मॉडेलला बसतं म्हणणारं, ते कुठल्याच मॉडेलला नीट बसत नाही. मागे लावणार म्हणजे अंगठ्याने उघडणारा पट्टा किंवा तसं काही लॉक पाहिजेच, कारण मागून ओढणारा तुम्हाला दिसणार नाही. बेल्ट दीड इंची, दुहेरी चामड्याचा, पिळला तरी न वाकणारा. ऑफिसच्या पँटचा पातळ बेल्ट या वजनाला टिकत नाही, पिस्तूल मागे लोंबतं आणि मूठ बाहेर झुकते.

सगळ्यात महत्त्वाचं, पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये मागे हात नेऊन घालायचंच नाही. क्लिपवालं होल्स्टर घ्या, ते बेल्टवरून काढा, समोर धरून डोळ्यांनी बघत पिस्तूल त्यात घाला, आणि मग होल्स्टरसकट परत कमरेला अडकवा. काढतानाही तसंच, रात्री होल्स्टरसकट काढा आणि तिजोरीत किंवा लॉकबॉक्समध्ये ठेवा. ट्रिगर झाकलेलाच राहिला की निम्मी काळजी मिटली.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. भारतात बरेच परवानेवाले ठेवत नाहीत, अमेरिकेत शिकवताना ठेवायला सांगतात. मागे लावत असाल आणि कायडेक्सचं होल्स्टर अजून आलेलं नसेल तर मी म्हणेन ठेवूच नका, आणि खरं तर तोपर्यंत लावूही नका.

टॉयलेटचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पँट खाली गेली की मागचं पिस्तूल उलटं लोंबतं आणि अमेरिकेतल्या स्टॉलच्या खालच्या फटीतून शेजारच्याला दिसतं. फ्लशच्या टाकीवर किंवा हुकला ठेवायचं नाही, हमखास विसरलं जातं. होल्स्टरमधून न काढता बेल्टचं बक्कल गुडघ्यापाशी परत लावून घ्या, वजन सांभाळलं जातं आणि पिस्तूल पँटच्या आतच राहतं.

मग लावायचं कुठे? बारीक किंवा मध्यम अंगाच्या माणसाला ३ ते ४ मध्ये, आयडब्ल्यूबी, वरून थोडा सैल, चौकटीचा किंवा नक्षीचा शर्ट, इन न करता. गडद आणि नक्षीदार कापडात उभार कमी कळतो. हिवाळ्यात प्रश्नच नाही, भारतात वरून जाकीट किंवा बंडी असली की झालं. ड्रायव्हिंग जास्त असेल तर अपेंडिक्स बसल्या बसल्या हाताला लागतं आणि ठेवताना दिसतं, पण नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते म्हणून ते शिकल्याशिवाय नको. छोटं रिव्हॉल्व्हर असेल तर पुढच्या खिशात, पॉकेट होल्स्टर घालून, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काहीच नको, किल्ली नाही, सुट्टे पैसे नाहीत. आपल्याकडचं कानपूरचं .३२ चं निर्भीक साधारण ५०० ग्रॅमचं आहे, तेवढं वजन कुल्ल्यावर चांगल्या बेल्टने आरामात पेलतं, मागे न्यायची गरज नाही.

आता पोलिसांनी गाडी थांबवली तर काय, हे मागे लावणाऱ्यांनी दोनदा वाचा. पुरुषांचं पाकीट कुठं असतं, मागच्या उजव्या खिशात, आणि पिस्तूल त्याच्या चार बोटं वर. लायसन्स काढायला तुम्ही हात मागे नेणार आणि खिडकीतल्या ऑफिसरला नेमकं काय दिसणार याचा विचार करा. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या परवानाधारक माणसाने आपल्याकडे बंदूक आहे हे स्वतः सांगितलं होतं, आणि त्यानंतर काही सेकंदांतच ऑफिसरने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यात तो गेला. म्हणून पिस्तूल अंगावर असेल त्या दिवशी गाडीत बसतानाच पाकीट पुढच्या खिशात किंवा डॅशबोर्डवर ठेवा. थांबवलं की आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बंदूक आहे आणि कुठे आहे ते शांतपणे सांगा, टेक्सासमध्ये लायसन्स असेल आणि ऑफिसरने ओळखपत्र मागितलं तर ते सोबत दाखवायचं असतं, आणि तो सांगेल तेवढंच हलवा. आपण होऊन पिस्तूल काढून दाखवायला जाऊ नका, त्याने मागितल्याशिवाय तर नाहीच.

आणि डिसेंबरमध्ये भारतात येणार असाल तर जी बॅग रेंजवर नेता ती प्रवासाला आणू नका. कप्प्यात राहिलेली एक गोळी मुंबई एअरपोर्टच्या एक्स-रेमध्ये दिसली तरी शस्त्र कायद्याची केस होते, मग तिकडचं लायसन्स दाखवून काही उपयोग नाही. जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.